नियोजित, प्रत्यक्ष, कारण

सात चाळीसची गाडी सात त्रेचाळीसला सुटली. कारण : चालकाचा चष्मा सापडत नव्हता.

छेद सारखे केल्याशिवाय अपूर्णांकांची बेरीज होत नाही.

डाव्या हातावर रक्तदाब मोजू नये. डाव्या हाताने पिशवी उचलू नये. डाव्या कुशीवर झोपू नये.

धाकट्याला उजवा बूट कुठला ते कळतं. उजवा मोजा कुठला ते तो रोज विचारतो.

कलम चार (ब) : घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे दररोज किमान चार तास झाले पाहिजेत. सात वर्षांखालील मुलाचे दोन.

मधली शाळेत चौदा महिने एक अक्षर बोलली नाही.

हे सगळं एका रविवारी सकाळी एकाच टेबलावर होतं. डेपोची लॉगशीट, थोरलीची गणिताची वही, दवाखान्याचं सूचनापत्रक, एक मोजा, शिक्षण कार्यालयाचं पत्र. शेवटची गोष्ट तेवढी कुठे लिहिलेली नव्हती. ती घरात सगळ्यांना पाठ होती.

टेबलाशी बसलेला माणूस बस डेपोत टाइमकीपर होता. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठली किती वाजता सुटली आणि का, हे एकोणीस वर्षं त्याने लिहिलं होतं. त्याची बायको लाडात असली की त्याला ‘अहो’ म्हणायची आणि चिडली की ‘टाइमकीपर’.

पत्र तिच्या नावाने आलं होतं. तिन्ही मुलांना घरी शिकवायचा परवाना या महिनाअखेर संपत होता. तेवीस दिवसांनी, मंगळवारी, तपासनीस येणार होत्या. लेखी वेळापत्रक दाखवायचं, तास खरोखर होतात हे दाखवायचं. नाही दाखवता आलं तर मुलांची नावं जवळच्या शाळेत घातली जातील.

थोरली तेरा वर्षांची. ती कुठेही निभावून नेईल. धाकटा सहाचा. चार दिवस भोकाड पसरेल आणि पाचव्या दिवशी कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून घरी येईल. प्रश्न मधलीचा होता. मधली दहाची.

तीन वर्षांपूर्वी तिला शाळेतून काढलं तेव्हा ती घरीही बोलायची बंद झाली होती. आई म्हणाली, एकटीला घरी ठेवलं तर तिला वाटेल शिक्षा झाली. तिघांनाही घरीच शिकवू. नवव्या दिवशी जेवताना मधली म्हणाली, “यात मीठ जास्त झालंय.” आईने ते खारट सूप दोन वाट्या प्यायलं आणि वर छान झालंय म्हणाली. तेव्हापासून मधली घरात बोलते. घराबाहेर, परक्यासमोर, अजून नाही.

आणि आता आईची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठ वाजता दवाखान्याची व्हॅन, चार तास मशीन, दोनला घरी. आल्यावर ती झोपायची, ती झोप बघवत नसे. त्याने कायमची दुपारपाळी मागून घेतली. अडीचला तो डेपोत, सकाळ मुलांची. दोनला आई आली की अर्ध्या तासात घर तिच्या हवाली करायचं. त्या दिवशी तिच्या हवाली म्हणजे खरं तर थोरलीच्या.

वेळापत्रक करणं ही त्याच्या दृष्टीने घरातली एकमेव सोपी गोष्ट होती.

*

तीन रंगांच्या पेन्सिली. तीन रकाने. पाव पाव तासाचे चौकोन. कुठल्याही दोन मुलांना एकाच वेळी मोठं माणूस लागणार नाही, अशी सगळी जुळवाजुळव. एकाचं तोंडी तेव्हा दुसरीचं लेखी. दुपारी बारापर्यंत त्याने ते पूर्ण केलं आणि आईच्या पलंगाच्या काठावर ठेवलं. आयुष्यात त्याने केलेलं ते सगळ्यात सुबक वेळापत्रक होतं.

तिने बराच वेळ वाचलं.

“यांनी शू कधी करायची?”

“आठ पंचेचाळीस.”

“तिघांनी?”

“पाळीपाळीने. ते मी धरलंय.”

“धरलंय म्हणे. बरं, दहा वाजता मधली भूगोल संपवते आणि दहा वाजताच गणित सुरू करते?”

“हो.”

“अहो, डेपोत गाडी शेवटच्या थांब्याला पोचली की तिला त्याच मिनिटाला उलटी पाठवता का?”

“छे. सात मिनिटं देतो. श्वास म्हणतो आम्ही त्याला. चालक उतरतो, पाय मोकळे करतो, मागचा उशीर असला तर तिथे जिरतो. श्वास नसला तर सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत प्रत्येक गाडीत...”

तो थांबला. तिने कागद त्याच्याकडे फिरवला.

“मग यात श्वास दाखवा मला.”

त्याने तिन्ही रकाने वरून खाली पाहिले. एकही नव्हता. एकोणीस वर्षांत ही चूक त्याने एकाही मोटारीबाबत केली नव्हती.

“मुलं आहेत, म्हणून वाटलं चालेल,” तो म्हणाला.

*

मंगळवार. थोरली, गणित. नियोजित ८.३०. प्रत्यक्ष ८.५२. कारण : पेन्सिलीला टोक, नंतर टोकाला धार, नंतर खोडरबर.

धाकटा, अक्षरं. नियोजित ८.३०. प्रत्यक्ष ९.१०. कारण : मोजा.

मधली, वाचन. नियोजित ९.००. प्रत्यक्ष ९.००.

थोरली, इतिहास. नियोजित ९.४५. प्रत्यक्ष १०.३०. कारण : टाइमकीपर स्वतः धाकट्याच्या मागे गच्चीवर.

धाकटा, बेरीज. नियोजित १०.००. झाली नाही. कारण : आई झोपली आहे की नाही ते चार वेळा बघून आला.

ही नोंद ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डेपोत वेळापत्रकाच्या शेजारी लॉगशीट असतेच, एका कागदाला दुसऱ्याशिवाय अर्थ नसतो, म्हणून त्याने तीच तीन रकान्यांची शीट घरी आणली होती. नियोजित, प्रत्यक्ष, कारण.

“बाबा, तुम्ही गाड्यांवर पण असेच ओरडता?” थोरलीने विचारलं.

“गाड्या उलट बोलत नाहीत.”

“म्हणूनच कधी वेळेवर पोचत नाहीत.”

“लिही. अपूर्णांक लिही.”

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने कागद फाडला आणि नवा केला. पाव तासाच्या चौकोनांऐवजी सकाळचे मोठे तुकडे केले. अवघड ते आधी, आणि प्रत्येक तुकड्यानंतर श्वास. धाकट्याला सलग पंधरा मिनिटांवर बसवायचं नाही हे त्याने लॉगशीटमधून शिकून घेतलं : पंधरा मिनिटांपर्यंत कारणं पेन्सिलीची असत, सोळाव्या मिनिटापासून ती पोटदुखीची होत. भूगोल सगळ्यांना एकत्र, जमिनीवर नकाशा पसरून. थोरली धाकट्याला त्याच्यापेक्षा चांगलं शिकवते हेही त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तिच्या रकान्यात रोज तासभर ‘धाकटा’ असं लिहिलं.

आईने ते पाहिलं आणि त्याच्याकडे पेन्सिल मागितली.

“तिला बाई करू नका.”

“पण तिला जमतं.”

“जमतं म्हणूनच सांगते. पुढे तिच्यावर काय काय येणार आहे ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आत्तापासून नको.”

तिने ‘तासभर’ खोडून ‘पंधरा मिनिटं’ केलं. त्याने पेन्सिल परत घेतली आणि तिला टोक काढलं. त्या घरात ‘पुढे’ हा शब्द सहसा कुणी काढत नसे.

तिसऱ्या आठवड्यात कागद चालू लागला. गाडी चालते तसा : खडखडत, पण चालू लागला. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार मधलीचा रकाना रिकामा असे. त्याचं असं झालं होतं की आईला मशीनच्या सुया टोचतात त्या डाव्या हाताने पिशवी उचलायची नव्हती, आणि उजव्या हाताने जिन्याचा कठडा धरायचा होता. पहिल्याच दिवशी मधलीने न विचारता पिशवी उचलली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. कुणी तिला उतर म्हटलं नाही. त्या दिवसांपुढे टाइमकीपरने लाल पेनाने लिहिलं : रद्द.

*

आदल्या रविवारी त्याने बेरीज केली आणि बेरीज जमेना.

“चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. थोरलीचीसुद्धा दीडशेच होतात.”

“झाले की चार तास,” आई उशीला टेकून म्हणाली. “शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा. पस्तीस चोक एकशे चाळीस. दहा मिनिटं जास्तच शिकवताय.”

“तास साठ मिनिटांचा असतो.”

“घड्याळात. शाळेत पहिला तास, दुसरा तास, मोकळा तास. कुठल्या शाळेत साठ मिनिटांचा तास बघितलात? तीन वर्षं मी पस्तीसनेच भरतेय फॉर्म.”

“डेपोत कुणी पस्तीस मिनिटांचा तास धरला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाहीत.”

“बरं झालं मी डेपोत नाही.”

तिच्या हिशेबाने थोरली सुटली. धाकट्याचे दोनही भरले. मधलीचं मात्र कुठल्याच हिशेबाने भरेना. आठवड्यात तीन दिवस शून्य. ज्या एका मुलीसाठी हा सगळा खटाटोप, तीच कमी पडत होती.

“ही शीट त्यांना दाखवू नका,” आई म्हणाली. “वेळापत्रक द्या फक्त. खोटं बोला म्हणत नाही मी. पण खरं एवढं नीट लिहून कशाला द्यायचं?”

त्याने मान डोलावली. त्याला खरोखर वाटलं होतं की तो देणार नाही.

*

तपासनीस बाई दोन जिने चढून धापा टाकत आल्या. गुडघ्याला पट्टा होता. स्टूल नको, पाठीची खुर्ची द्या म्हणाल्या, पाणी मागितलं, चष्मा बदलला आणि हात पुढे केला.

“वेळापत्रक.”

टाइमकीपरने वेळापत्रक दिलं. त्याच्याखाली टाचणीने लॉगशीट लावलेली होती. हात एकोणीस वर्षांच्या सवयीने लावून मोकळा झाला होता.

पलंगावर आईने डोळे मिटून घेतले.

“हे दुसरं काय? हे मागितलं नव्हतं.”

“एकाबरोबर दुसरं द्यावंच लागतं.”

“कुठे?”

“डेपोत,” तो म्हणाला, आणि तेव्हा त्याला कळलं.

बाईंनी पहिल्या पानावरून बोट फिरवायला सुरुवात केली. मोज्यापाशी त्या हसल्या. ‘आई झोपली आहे की नाही’ तिथे बोट थोडं थांबलं आणि पुढे गेलं. मग मधलीच्या रकान्याशी त्या आल्या.

“बुधवार रद्द. शुक्रवार रद्द. सोमवार रद्द. परत बुधवार रद्द. नऊ वेळा. या मुलीचं शिक्षण आठवड्यातून दोन-तीन दिवसच होतं का?”

“ती माझ्या बायकोबरोबर दवाखान्यात जाते. पिशवी धरायला.”

“म्हणजे होत नाही.”

“नाही,” तो म्हणाला. जे झालं नाही ते झालं म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“अहो,” आई म्हणाली. ती उठून बसली होती. “तिथे काय होतं ते कधी विचारलंत?”

त्याने विचारलं नव्हतं. तो रस्ता त्याच्या वेळापत्रकात नव्हता.

आई बाईंशी बोलू लागली. पहिला आठवडा मधली बाहेरच्या बाकावर बसली. दुसऱ्या आठवड्यात नर्सने तिला आत खुर्चीशेजारी स्टूल दिलं. चार तास एका जागी काय करायचं म्हणून आईने तिला वर्तमानपत्र वाचायला लावलं, हळू, फक्त आईपुरतं. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा रंगारी असतो. त्याची नजर गेली आहे. तो म्हणाला, जरा मोठ्याने, पोरी, मलाही कळू दे जगात काय चाललंय.

“आणि?” बाईंनी विचारलं.

“आणि ती मोठ्याने वाचायला लागली. आता सात खुर्च्या ऐकतात. मशीनवरचे आकडे तीच नर्सला ओरडून सांगते. किती पाणी काढलं, किती उरलं, वजाबाकी ती करते. नर्स वहीत लिहिते.”

टाइमकीपर बायकोकडे बघत राहिला. “परक्या माणसांसमोर? मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही रद्द लिहून टाकलं होतं. लाल पेनाने.” मग ती हळू म्हणाली, “आणि तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, सांगू नको. सांगितलं तर त्याचा तास होईल.”

मधली दारात उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, एकदाच, आणि आत निघून गेली. आतल्या खोलीचं दार आपटलं नाही. ते अगदी सावकाश लागलं, आणि ते जास्त वाईट होतं.

“मोडली मी शपथ,” आई म्हणाली. कुणालाही उद्देशून नाही.

टाइमकीपरने बाईंच्या हातातून शीट घेतली. डेपोत नोंद खोडरबरने पुसत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, वर खरं ते लिहायचं, शेजारी सही. त्याने नऊ वेळा ‘रद्द’वर रेघ मारली आणि नऊ वेळा लिहिलं : मार्ग बदल. नऊ सह्या केल्या.

“यात काय फरक?” बाईंनी विचारलं.

“रद्द म्हणजे गाडी सुटलीच नाही. मार्ग बदल म्हणजे सुटली, दुसऱ्या रस्त्याने गेली, आणि माणसं पोचली. मी चुकीचं लिहिलं होतं.”

बाईंनी चष्मा काढला. “तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण विश्वास लिहायला माझ्या फॉर्मात जागा नाही. मी जे ऐकते तेच लिहू शकते. बोलवा तिला.”

थोरली तिला घेऊन आली. बाईंनी विचारलं, बाळ, काल काय वाचलंस? मधली बाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघत राहिली. बाईंनी घाई केली नाही. पाणी प्यायल्या, भांडं ठेवलं. धाकटा मध्येच म्हणाला, “तिला येतं, ती आत्ता बंद आहे,” आणि थोरलीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोन मिनिटं गेली. टाइमकीपरला दोन मिनिटं घड्याळाशिवाय कळत.

“शुक्रवारी मी तिथे येते,” बाई शेवटी म्हणाल्या.

“तुम्ही आलात तर ती वाचणार नाही,” आई म्हणाली.

“तुम्ही पेशंट बनून या ना,” थोरली म्हणाली. “चादर घेऊन झोपा.”

“मी चोरून तपासत नाही, बेटा. मग मी काय लिहू ते तुम्हीच सांगा.”

मग मधली पुढे झाली. तिने बापाच्या हातातलं लाल पेन घेतलं, लॉगशीट टेबलावर सरळ केली, येणाऱ्या शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं :

बाईंनी यावं. पण मागे बसावं. आणि आईने आता कुणाला काही सांगू नये.

*

शुक्रवारी टाइमकीपर थोरली आणि धाकट्याला घेऊन दवाखान्यात आला. मुलांना बाहेरच्या बाकावर बसवून तो काचेच्या दाराशी उभा राहिला. आत सात खुर्च्या, सात मशीनं, प्रत्येक मशीनवर एक हिरवा दिवा. बाई शेवटच्या भिंतीला लागून, मधलीच्या पाठीमागे बसल्या होत्या. त्यांनी वहीसुद्धा उघडली नव्हती.

नऊ वाजले. मधलीच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. ती पान बघत होती, वाचत नव्हती. आई छताकडे बघत होती. डाव्या हातात दोन सुया, हात चादरीवर उताणा. तिला दिलेला हुकूम ती पाळत होती : ती काहीच बोलली नाही.

सव्वानऊ.

“आज गाडी लेट दिसते,” रंगारी म्हणाला. पलीकडून कुणीतरी हसलं. मधली हसली नाही. तिची मान आणखी खाली गेली, आणि काचेबाहेर टाइमकीपरने खिशातलं घड्याळ मुठीत धरलं, पण काढलं नाही. उशिरा का होईना सुटू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. हे तो रोज कुठल्या ना कुठल्या गाडीबद्दल म्हणत आला होता, आणि कधी इतकं मनापासून म्हटलं नव्हतं.

आईच्या मशीनने बारीक शिट्टी दिली. नर्स दुसऱ्या टोकाला होती, तिचे हात गुंतलेले होते. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. सवयीने ओरडली, “किती झालं गं?”

“तीनशे,” मधली म्हणाली. “एक हजार सातशे राहिले.”

आवाज भिंतीपर्यंत पोचला. बाई हलल्या नाहीत. मधलीने मागे वळून पाहिलं नाही. तिने पेपर उचलला, घडी मोडली, आणि आधी हळू, मग रंगाऱ्याने कानाला हात लावल्यावर मोठ्याने वाचू लागली. टाकीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाण्याचा साठा करून सहकार्य करावे. पानावरची सगळी बातमी, मग पुढचं पान. आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मधलीने वाचता वाचता स्टूल पिशवीसकट आईपासून वीतभर लांब सरकवलं. ती अजून रागावलेली होती. पण वाचत होती.

पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. त्यांनी टाइमकीपरकडे वेळापत्रक मागितलं, मधलीच्या रकान्यात सोमवार-बुधवार-शुक्रवारपुढे स्वतःच्या अक्षरात ‘चार तास’ लिहिलं आणि खाली शिक्का मारला. परवाना एक वर्षाचा.

“पस्तीस मिनिटांचे की साठचे?” त्याने विचारलं. त्याला राहवलं नाही.

“तुम्ही घरी जा आता,” बाई म्हणाल्या.

मधलीच्या जुन्या शाळेतली एक ओळखीची शिपाईबाई पुढच्या वर्षी त्याला बसस्टॉपवर भेटली, तिने सांगितलं. मधली शाळेत बोलायची थांबली त्या सकाळी हजेरीच्या वहीची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि एकतीस ते चाळीस या नंबरांची नावं घ्यायची राहून गेली होती. मधलीचा नंबर सदतीस होता. त्या सकाळी तिला ‘हजर’ म्हणायची वेळच आली नव्हती.